आवाज साठचा, चाल तिसाची

आवाज साठचा आणि चाल तिसाची, अशी माझ्या गाडीची गत झालेली पहिल्यांदा कळली ती तुळजापूरच्या घाटात. एप्रिल संपत आला होता. मागे बायको, तिच्या मांडीवर ओटीची पिशवी. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. सपाट रस्त्यावर गाडीनं काही तक्रार केली नाही. गावाच्या अलीकडे चढ लागला, मी ॲक्सिलेटर पिळला, तर इंजिन ओरडलं आणि गाडी आहे तिथंच रेंगाळली. अजून पिळला, अजून ओरडलं. शेजारून एक जुनी मोपेड गेली, तिच्यावर दोन माणसं आणि मध्ये ज्वारीचं पोतं.

"नुसती बोंबलूलालीय की," बायको म्हणाली.

वर पोचून गाडी स्टँडला लावली तेव्हा इंजिनाकडून करपल्यासारखा वास येत होता. दर्शनाच्या रांगेत उभं राहून मी देवीपेक्षा त्या वासाचाच विचार जास्त केला.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात मालाची ने-आण बघतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून गठ्ठे कॅरिअरला बांधायचे, अशोक चौकातून कन्ना चौक, तिथून मधला मारुतीच्या गर्दीत शिरायचं, व्यापाऱ्यांकडे नमुने टाकायचे, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गठ्ठे उतरवायचे, परत. शंभर सीसीची गाडी, वय चौदा, घड्याळात पंच्याऐंशी हजार. मागच्या गठ्ठ्याचं वजन एका जाड माणसाएवढं. विजापूर वेशीत रिक्षा, हातगाडी, म्हैस आणि मी, असे सगळे एकाच वेगानं पुढं सरकत असतो. या वेगाला पहिला गिअर जास्त होतो आणि थांबणं परवडत नाही. मग डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर, क्लच अर्धा दाबलेला, आणि गाडी मुंगीच्या पावलानं. वीस वर्षं मी असाच गाडी चालवतोय.

ही गोष्ट मी आता सांगतोय. तेव्हा मात्र मला डोळ्यांपुढं दुसरेच आरोपी दिसत होते.

पहिला संशय पेट्रोलवर. मग चेनवर; ती घट्ट केली, तेल दिलं. मग कार्ब्युरेटरवर, तो उघडून, फुंकून पुन्हा बसवला. फरक शून्य. गॅरेजमध्ये गेलो तर लग्नसराईचे दिवस, दारात गाड्यांची ओळ. "चार दिवस ठेवून जावा," मिस्त्री म्हणाला. चार दिवस गाडी नाही म्हणजे चार दिवस मी कारखान्याच्या उपयोगाचा नाही. गाडी घरी आणली.

अंगणात आप्पा खाटेवर बसलेले होते. माझे वडील चाळीस वर्षं पूर्व भागातल्या कारखान्यांत जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॉबर म्हणजे यंत्रमागांचा वैद्य. माग बंद पडला की त्याला बोलावतात. चांगला जॉबर मागाशेजारून नुसता चालत गेला तरी सांगतो, याचा पट्टा ढिला झालाय, त्याची पिकिंग काठी आज-उद्या मोडणार. आप्पांना आता एका कानानं कमी ऐकू येतं. पण लूमच्या खडखडाटात गेलेला तो कान त्यांनी जायच्या आधी पुरेपूर वापरला होता.

"काय करूलालास?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. इंजिन पळतं, चाक पळत नाही.

"मग इंजिनात काय शोधूलालास बे? इंजिन तर पळतंय की."

एवढं साधं वाक्य. पंधरा दिवस मी जे चांगलं चाललं होतं तेच उघडून फुंकत होतो. इंजिनाची ताकद तयार होत होती; ती चाकापर्यंत पोचत नव्हती. म्हणजे दोघांच्या मधलं काहीतरी घसरत होतं.

मग त्यांनी मला क्लच समजावला, तोही गिरणीचा. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ची, आम्ही जिला जुनी मिल म्हणतो ती. तशा जुन्या गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतःची मोटर नसायची. छताखाली एक लांबलचक लोखंडी दांडा सतत फिरत असायचा आणि त्यावरून प्रत्येक मागावर चामड्याचा पट्टा उतरायचा. आप्पा पोरवयात आजोबांचा डबा घेऊन गिरणीत जायचे, तेव्हा त्यांनी हे पाहिलेलं. मागाच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी: एक दांड्याला पक्की, दुसरी नुसतीच गरगर फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की माग उभा. हँडल ओढून पट्टा पक्क्या पुलीवर सरकवला की माग चालू. वरचा दांडा कधीच थांबायचा नाही.

"हाच तुझा क्लच," आप्पा म्हणाले. "आता पट्टा अर्धा इकडं न् अर्धा तिकडं ठेवला तर काय हुईल?"

"घासेल."

"करपंल."

आमच्या गाड्यांच्या क्लचमध्ये पट्ट्याऐवजी चकत्या असतात. कॉर्कचे तुकडे चिकटवलेली एक प्लेट, मग साध्या स्टीलची एक, परत कॉर्कची, परत स्टीलची. कॉर्कच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डब्यात अडकलेल्या, स्टीलच्या प्लेटा गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या मधल्या भागात. स्प्रिंगा हा सगळा थर दाबून धरतात तेव्हा सगळे एकजीव होऊन फिरतात. हँडलवरचा लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, थर सैल होतो, आणि दोन्ही बाजू आपापल्या मोकळ्या. लिव्हर अर्धा दाबला की प्लेटा एकमेकींना धड धरतही नाहीत, धड सोडतही नाहीत.

आप्पांचा कामाचा क्रम ठरलेला: आधी बाहेरचं, मग आतलं, आधी फुकटचं, मग पैशाचं. त्यांनी लिव्हरच्या टोकाला बोट लावलं आणि हलवलं. तो हललाच नाही. तिथं दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल असायला हवी, म्हणजे केबलवर ताण येण्याआधी लिव्हर तेवढा नुसताच यायला हवा. माझ्याकडे ती उरलेलीच नव्हती. केबल सदैव थोडी ओढलेली होती. मी लिव्हरला हातही न लावता गाडी चालवली असती तरी क्लच थोडा दाबलेलाच राहिला असता.

केबल एवढी घट्ट कुणी केली? मीच. सिग्नलला गिअर अडकायचा, न्यूट्रल सापडायचा नाही, म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी मी तो बारीक नट अर्धा फेरा फिरवत गेलो. त्यात अजून एक मेख आहे. कॉर्क झिजलं की प्लेटांचा थर पातळ होतो आणि ही मोकळी हालचाल आपोआप कमी होत जाते. म्हणजे झीज ती खात होती आणि मीही खात होतो.

नट उलटा फिरवून मोकळीक दिली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, केबल कुठं ओढली जात नाही ना. चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. पाचव्या दिवशी, गठ्ठे बांधून निघालो तर अशोक चौकाच्या सिग्नलवरून सुटताना पुन्हा तेच: आवाज पुढं, गाडी मागं.

आता परीक्षा घ्यायची होती. गाडी डबल स्टँडवर लावली, चालू केली, टॉपचा गिअर टाकला, मागचा ब्रेक पायानं करकचून दाबला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गपकन बंद पडलं पाहिजे. त्याला चाक फिरवायचंय आणि चाक तर ब्रेकनं धरलेलं. माझं इंजिन थरथरलं, घुसमटलं, पण चालूच राहिलं. आत प्लेटा एकमेकींवर घासत होत्या. मी लगेच गाडी बंद केली. ही परीक्षा लांबवली तर उरलेलं कॉर्कही जायचं.

तेव्हा मला अजून एक गोष्ट आठवली. महिनाभर सकाळी किक मारताना कधीकधी पाय पोकळ जायचा. मला वाटायचं किकचे दाते गेले. पण जी गाडी फक्त न्यूट्रलमध्येच किकनं सुरू होते, तिची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. ती पोकळ किक म्हणजे घसरणाऱ्या क्लचची पहिली हाक होती. मी तिला ओ दिली नाही.

फुकटाचं संपलं. मग तेल. डिपस्टिक काढून पाहिली, पातळी बरोबर होती. "तेल कुठलं घातलास?" आप्पांनी विचारलं, आणि मला कोपऱ्यातला डबा आठवला. फेब्रुवारीत मावसभावाच्या कारची सर्व्हिसिंग झाली, त्यातलं तेल उरलं. महागातलं, सिंथेटिक. आपल्या गाडीचं भाग्य उजळलं म्हणून मी ते घातलं होतं.

कारचा क्लच कोरडा असतो आणि इंजिनाच्या तेलाच्या बाहेर असतो. म्हणून कारचं तेल कितीही निसरडं केलं तरी चालतं. उलट इंधन वाचावं म्हणून त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. आमच्या गाडीत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच तेलात आंघोळ करतात. जे तेल पिस्टनला आवडतं ते क्लचला घसरवतं. याचसाठी जपानमध्ये १९९८ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलांसाठी 'जासो'चं वेगळं मानक आलं. डब्याच्या मागं बारीक अक्षरांत 'जासो एमए' लिहिलेलं असतं ते हेच: हे तेल ओल्या क्लचला चालेल. मी डबा फिरवून पाहिला. पुढं सोनेरी अक्षरं पुष्कळ होती, मागं ही दोन नव्हती.

तेल बदललं. थोडा फरक पडला, पण घसरणं गेलं नाही. कॉर्क एकदा करपून गुळगुळीत झालं की तेल बदलून त्याची पकड परत येत नाही. आता उघडायलाच हवं होतं.

मी दोन दिवसांची रजा टाकली. मे महिन्यात सोलापुरात अंगणातलं काम पहाटेच करायचं. दहानंतर पाना हातात धरवत नाही. साडेपाचला सुरुवात केली. तेल काढलं, फूटरेस्टची पट्टी सोडली, किक काढली, सायलेन्सर आडवा येत होता तोही सोडला. मग उजव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट. दिसायला सगळे सारखे, पण कुणी आखूड, कुणी लांब. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर कव्हर फुटतं. आप्पांनी टॉवेलच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यावर कव्हरचा आकार काढला, जिथं बोल्ट तिथं भोक पाडलं, आणि मी काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचून ठेवत गेले.

बोल्ट निघाले तरी कव्हर निघेना, गॅस्केट चिकटलेलं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि लाकडाचा ठोकळा दिला. कडेकडेनं हलक्या हातानं ठोकत गेलो. तिसऱ्या फेरीला कव्हर सुटलं.

पुसायला मी घरातला नवा टॉवेल आणला. आमच्या गावात टॉवेलला काय तोटा! आप्पांनी तोही परत पाठवला. टेरी टॉवेलचे तंतू सुटतात आणि तेलाच्या वाटा बुजवतात. लूमवरचं सुताचं वेस्ट त्याहून वाईट. चाळीस वर्षं सुतात काढलेल्या माणसानं शेवटी स्वतःचं जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं धोतर फाडलं. एक तुकडा खालच्या पोकळीत कोंबला, गॅस्केट खरवडताना चुरा आत पडू नये म्हणून. दुसऱ्यानं पुसत राहिलो.

स्प्रिंगांचे चार बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे सैल केले. मधला नट चार खाचांचा, त्याला साधा पाना बसत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानातून खास पाना आदल्या दिवशीच अनामत ठेवून आणला होता. गिअर टॉपला टाकला, आप्पांनी दोन्ही हातांनी मागच्या ब्रेकचं पेडल दाबून धरलं, मी जोर लावला. नट कुरकुरला आणि सुटला. नेमकं तेव्हाच आतून बायकोची हाक: "पाणी आलं!" आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की लग्नमांडवातून उठून यावं लागतं. मी काळ्या हातांनी मोटर लावायला पळालो, बटणावर बोटांचे ठसे उमटले, ते अजून आहेत.

परत आलो तर आप्पांनी प्लेटा धोतराच्या तुकड्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. निघाल्या त्याच क्रमानं. चार कॉर्कच्या, तीन स्टीलच्या. कॉर्कच्या प्लेटा काळ्या, आरशासारख्या चकचकीत. त्यांच्यावरून नख फिरवलं तर अडखळलंच नाही. एका स्टीलच्या प्लेटवर निळसर-जांभळे ढग उमटलेले. लोखंड तापून थंड झालं की असा रंग चढतो. व्हर्निअर लावला. नवी प्लेट जवळपास तीन मिलिमीटरची असते. माझ्या अडीचवर आल्या होत्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडींएवढं अंतर. पण चार प्लेटांचं मिळून दोन मिलिमीटर झालं, आणि तेवढ्यानं स्प्रिंगांचा दाब ढिला पडला.

स्टीलच्या प्लेटा टेबलाच्या काचेवर ठेवून पाहिल्या. सपाट असतील तर काचेला चिकटून बसतात; निळी पडलेली एक डुगडुगली. तीही बाद.

दुकानात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, फोनवर कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलला. "मालक, जुनी प्लेट आणली का?" मी पिशवीतून काढून दिली. त्यानं नव्या प्लेटेवर ठेवून दाते जुळवले, मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "हाफ क्लचवर चालवता ना?" प्लेटा, चार स्प्रिंगा, गॅस्केट आणि योग्य तेल, सगळं मिळून हजारावर थोडेच झाले. स्प्रिंगा चारही बदलायच्या. एक नवी, तीन थकलेल्या असं केलं तर दाब एकसारखा राहत नाही.

नव्या कॉर्कच्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात. रात्रभर त्या पराती​त नव्या तेलात बुडवून ठेवल्या. परात भाकरीची होती. त्यावरून घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या पहाटे जोडणी. उघडणं सोपं असतं, माझी चूक जोडताना झाली. सुरुवात कॉर्कच्या प्लेटनं करायची तर मी स्टीलनं केली. सहा प्लेटा छान बसल्या, आणि शेवटी दोन कॉर्कच्या एकमेकींना लागून आल्या. मी क्षणभर त्यांच्याकडं बघतच राहिलो. आप्पा काही बोलले नाहीत. सगळं परत काढलं, परत लावलं. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे. नवं गॅस्केट, कव्हर, पुठ्ठ्यातला प्रत्येक बोल्ट आपल्या घरी. पुठ्ठा रिकामा झाला तेव्हा खात्री पटली. तेल ओतलं, केबल जोडली, लिव्हरच्या टोकाला पंधरा मिलिमीटर मोकळीक ठेवली.

मग तीच परीक्षा. डबल स्टँड, टॉपचा गिअर, मागचा ब्रेक, क्लच हळूहळू सोडला. इंजिन एकदा हुंदकलं आणि गप्प झालं.

गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा आप्पांनी हातानंच थांब म्हटलं.

चहा पिताना मी हिशोब मांडत होतो: तेलामुळे किती, केबलमुळे किती, हाफ क्लचमुळे किती. तो हिशोब जुळत नाही. तिघांनी मिळून प्लेटा खाल्ल्या आणि तिघांनाही घरात मीच आणलं होतं. पेट्रोल, चेन, कार्ब्युरेटर या सगळ्यांच्या झडत्या घेऊन झाल्या, तेव्हा कुठं माझा हात माझ्या नजरेला पडला.

आप्पांनी तेव्हा गिरणीतली एक गोष्ट सांगितली. पट्टा घसरायला लागला की काही कामगार त्यावर राळ टाकायचे. राळेनं पट्टा चिकट होतो, माग लगेच पळायला लागतो, पाळी निभते. पण राळेत सुताचा कचरा बसतो, पट्टा कडक होतो, चिरतो, आणि तुटतो तो पुढच्या पाळीवाल्याच्या वाट्याला. "राळ टाकणाऱ्याला कधी पट्टा तुटलेला दिसला नाही," ते म्हणाले. दर महिन्याला अर्धा फेरा फिरवलेला तो नट ही माझी राळ होती. फरक एवढाच की माझ्या गाडीवर पुढचा पाळीवालाही मीच होतो.

"तुम्हांला आधीच माहीत होतं?" मी विचारलं. आप्पा रोज सकाळी खाटेवर बसून मला गल्लीतून बाहेर पडताना बघतात.

"गल्लीच्या तोंडापर्यंत तुझी बोटं लिव्हरवरच असतात," ते म्हणाले. "गल्ली तर मोकळी असती की."

"मग बोलला का नाही?"

"दोनदा बोललो. तू हेल्मेट घातलेलास."

पुढच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. ते मागं बसले, एक हात माझ्या खांद्यावर. गाडी कशी हवी तशी ओढत होती, जेवढा आवाज तेवढी चाल. कन्ना चौकात गर्दी लागली. पुढं टमटम, तिच्यापुढं गठ्ठ्यांची हातगाडी. सगळं मुंगीच्या पावलानं सरकायला लागलं. मला काही कळायच्या आत खांद्यावरचा हात उचलला गेला आणि डाव्या दंडावर दोन टिचक्या बसल्या.

मी खाली पाहिलं. दोन्ही बोटं लिव्हरवर होती.